चौथी शीर

जुई धायगुडे, अकरा महिने.
वजन तिच्या बापानं काट्याआधीच सांगितलं,
सहा किलो आठशे.
काट्यावर सहा किलो सातशे ऐंशी.
"लंगोट काढलात ना, त्याचे वीस," तो म्हणाला.
गुलटेकडीला मार्केट यार्डात तोलणार आहे तो,
हातांना सवय.

माझी खोली अंधारी,
रास्ता पेठेच्या हॉर्नवर जाड पडदा ओढलेली.
जेली मी आधी मुठीत कोमट करते.
एकोणीस वर्षं झाली, तरी
थंड लागून मूल दचकतं ते सोसत नाही.

मग आवाज पाठवायचा, कुणाच्या कानाला न येणारा,
आणि परत येईल तेवढाच वाचायचा.
झडपा उघडतात, मिटतात,
खिडकीच्या फटीत अडकलेल्या कागदासारख्या,
मिनिटाला एकशे चाळीस वेळा.

आई विचारते, निळं म्हणजे घाण रक्त ना?
नाही हो. निळं म्हणजे माझ्या हातापासून दूर जाणारं,
लाल म्हणजे माझ्याकडे येणारं.
हात कलला की रंगही बदलतात.
एवढंच सांगते.
एवढ्याच्याच जिवावर मी किती बोलते, ते नाही सांगत.

फुप्फुसांकडून परत येणाऱ्या शिरा चार.
तीन सापडल्या.
चौथीच्या वाटेवर फुप्फुसाची कड, कडेत हवा,
आणि हवा म्हणजे माझ्या आवाजाला भिंत.
त्यात जुई रडायला लागली.
खुळखुळा झाला, साखरेचं पाणी झालं,
बापानं भाव पुकारतात तसा आवाज काढून दाखवला.
मी रिपोर्टात लिहिलं, चौथीही डाव्या कप्प्यातच येत असावी.
मग उजव्या कप्प्याकडे पाहिलं.
तो उगाच फुगत नसतो.
खोडलं. लिहिलं, चौथी दिसली नाही.

खाली तळघरात कुंट्यांचं सीटीचं यंत्र.
तिथं उजेड, गारठा, लाड नाहीत.
औषधानं झोपलेली जुई,
हाताच्या शिरेतून रंगद्रव्य, वजनाच्या हिशोबानं.
चार सेकंद.
महाधमनीची कमान, श्वासनळी, बरगड्या,
पाठीमागून, खालून, हवं तिकडून फिरवून बघा.
आणि चौथी शीर,
यकृताच्या दिशेनं खाली उतरलेली,
आपला जिना सोडून शेजाऱ्याच्या दारात शिरलेली.

त्यांच्या चित्रात हृदय होतं, धडधड नव्हती.
झडपेची बारीक गळती त्यांना दिसली नाही, मला दिसली होती,
हे मी मनात दोनदा म्हटलं.
कशासाठी म्हटलं ते कळलं
आणि कान तापले.

त्या चार सेकंदांची उधारी असते, किरणांची.
थोडीच, पण अंग लहान आणि आयुष्य लांब,
म्हणून मोजून घ्यायची.
माझ्याकडे दर महिन्याला या, असं म्हणता येतं.
कुंटे कुणाला असं म्हणत नाहीत.

बापानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले,
कडा जुळवून.
"मग मॅडम, कुणाचं खरं?"
मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात तोच बोलला,
"आमच्या गेटवर ट्रकचा काटा आहे.
त्यावर लसणाची गड्डी ठेवली तर शून्य दाखवतो.
म्हणून गड्डी नाही असं होतं का?
आणि गड्डीच्या काट्यावर ट्रक चढवणार कसा?"
बायकोनं त्याच्याकडे पाहिलं,
आता इथं लसूण कशाला, अशा नजरेनं.

मी मात्र घरी जाताना, सिग्नलला, जेवताना,
तेच घोकत राहिले.
दिसली नाही. नाही.
या दोन वाक्यांच्या मधे
माझ्या हाताखालून गेलेली किती मुलं.

ऑपरेशनला मंगळवार मिळाला.
सोमवारी सकाळी जुई पुन्हा माझ्याकडे,
आता सहा किलो नऊशे, लंगोटासकट.
जेली मुठीत.
कुठं बघायचं ते आता माहीत होतं,
बरगड्यांच्या खालून, यकृताच्या आडून.
पहिल्यांदा काहीच नाही.
मग जुईनं श्वास सोडला
आणि क्षणभर तिथं एक बारीक रेघ हलली,
लाल.

आईनं काही विचारलं नाही.
तिला आठवत होतं.